अंदमानला नको म्हणालो ते

रविवार, संध्याकाळ. सडक अर्जुनी

‘केशोरीच्या बहिणींनो, आपल्याला लहानपणापासून भीतीच शिकवली गेली!’ दुपारच्या सभेत मी असा कडाडलो. टाळ्या अजून कानात आहेत, आणि त्यांचीच लाज वाटते.

घरी आलो तर सुमनने पाण्याखाली घालायचा निळा चष्मा मागवलेला. अंदमानला जायचं, समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहायचं, दोघांनी. तलावाकाठी वाढलेली बाई ती. कमळाच्या देठांसाठी तळापर्यंत जायची. मी लगेच चंगळवादावर सुरू झालो. उपभोग, भांडवल, काय काय बोललो! ती पदराने चष्मा पुसत ऐकत होती.

‘झालं का जी भाषण? पाण्याले भेता तं तसं सांगा ना. लग्नापासून पाहून रायली मी, तलावात घोट्याच्या वर गेले नाई तुमी.’

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं? चष्मा डब्यात घालून तिने डबा कपाटावर ठेवला. आणि मी दुसऱ्यांच्या बायकांना धीट व्हा म्हणून सांगत फिरतो.

पेन ठेव आता. ऊठ, तो चष्मा खाली काढ आणि तिला म्हण: उद्या तलावावर चल, मला पोहायला शिकव.