मीठ उधळून खेळलेली कुस्ती

विश्रांतवाडी, पुणे
२१ मे २००६

प्रिय अपूर्वा,

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, आनंदाने हिला बोलता येईना. तसं नव्हतं गं. तू सांगत होतीस की तुझ्या बाबांची तब्येत बरी नाही, म्हणून तू नागोया सोडून पुण्याला परत येते आहेस, जागा रिकामी होतेय आणि तिथे माझं एकटीचं नाव जाईल अशी व्यवस्था तू करून ठेवली आहेस. बोलताना तुझा आवाज फार गोड येत होता. तो गोड आवाज मी एकदा ऐकलेला आहे, आणि तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता. का, तेच लिहायला बसले आहे. मेल मुद्दाम केली नाही. मेलला तू 'वाचली गं, सविस्तर नंतर लिहिते' असं उत्तर पाठवून मोकळी होतेस. हे पत्र तुला हातात धरून शेवटपर्यंत वाचावं लागेल.

इकडचं म्हणशील तर सगळं ठीक आहे. कंपनीची बस आता आळंदी रोडवरून सुटते, त्यामुळे मला खिडकीची जागा मिळते आणि हिंजवडी येईपर्यंत माझी एक झोप होते. टीममध्ये नवी पोरं आली आहेत, ती जपानी साहेबाला मेल लिहिताना निम्मं इंग्रजी लिहितात आणि निस्तरायला माझ्याकडे पाठवतात. आईचे गुडघे दुखतात, पण ती यवतमाळ सोडायला तयार नाही. श्यामला सेन्सेई परवा टिळक रोडवर भेटल्या. त्यांनी जपानीचा क्लास बंद केला. तुझी चौकशी केली, आणि ती सुमोची कॅसेट अजून त्यांच्या कपाटात आहे म्हणाल्या.

आठवते ती कॅसेट? सदाशिव पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत, आपण दहा जणी सतरंजीवर आणि कोपऱ्यात सेन्सेईंचा घरून आणलेला व्हीसीआर. बाकीच्या ते उघडे अगडबंब पहिलवान बघून तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मी हसले नाही, कारण मी बाबांचं बोट धरून पोळ्याच्या कुस्त्यांच्या दंगली बघत वाढलेली मुलगी. तू का हसली नाहीस ते मला आजही माहीत नाही, पण त्या दिवसापासून तू माझी झालीस. पहिलवान मूठभर मीठ उधळून रिंगण शुद्ध करतात, ते तुला फार आवडलं होतं. बायकांना त्या रिंगणात पाय ठेवायची बंदी आहे हे कळल्यावर तू सेन्सेईंशी अशी भांडलीस, की जणू तो नियम त्यांनीच काढला. मला आवडला तो कुस्तीचा आरंभ. तिथे कुणी शिट्टी मारत नाही, कुणी 'करा सुरू' म्हणत नाही. दोघं समोरासमोर खाली वाकून बसतात, आणि दोघांच्याही मुठी जमिनीला टेकल्या की कुस्ती सुरू. एकानेच टेकवून चालत नाही. आणि निकालावर शंका आली तर पंच रिंगणात येऊन आपसांत बोलतात, आणि ठरलंच नाही तर कुस्ती पुन्हा लावतात. मी तेव्हा म्हटलं होतं, आमच्या बाबांना हे फार पटलं असतं. दंगलीत कुस्ती नूरा निघाली, म्हणजे आधीच ठरवून एक जण पडला, की बाबा धोतर झटकून उठायचे आणि मला घेऊन सरळ घरी यायचे. शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठीसुद्धा थांबायचे नाहीत. ते म्हणायचे, हरलेल्याचं मला वाईट वाटत नाही, ज्याला जिंकवलं त्याचं वाटतं.

हे तुला मी सांगितलं होतं. म्हणून तुला माफी नाही.

जपानी क्लायंटकडे नागोयाची जागा निघाली तेव्हा जाऊ शकतील अशा आपण दोघीच होतो. दोघींची जपानीची लेव्हल तीच, अनुभव तोच. त्या संध्याकाळी अमृततुल्यात उभं राहून आपण काय ठरवलं होतं? तूच म्हणालीस, बशीत चहा ओतता ओतता. जिला मिळेल तिने दुसरीला स्वतःच्या तोंडाने सांगायचं, सगळ्यांत आधी. मेलमधून कळता कामा नये. मी म्हटलं, आणि जिला मिळणार नाही तिने तोंड पाडायचं नाही. त्यावर तू म्हणालीस, तोंड पाडायला हरकत नाही, पण चहा जिला मिळेल तिने पाजायचा. किती सरळ वाटलं होतं ते सगळं.

मग एका शनिवारी आला कंपनीचा वार्षिक कार्यक्रम. जपानहून पाहुणे येणार म्हणून काहीतरी जपानी हवं, आणि सुमोची कल्पना तुझीच. बिबवेवाडीचा तो बद्रीनाथ, पोरांच्या वाढदिवसाला फुगवायचा किल्ला भाड्याने देणारा, त्याच्याकडून तू फोमचे दोन अवाढव्य सूट आणि गोल गादी आणवलीस. बाणेरच्या त्या लॉनवर आधी शौनक आणि त्याचा टीम लीड उतरले. एकमेकांना धडका मारून दमले, पण पडेनात. त्या सूटमध्ये धडक मारली की माणूस चेंडूसारखा मागे येतो आणि पुन्हा उभाच राहतो, त्यातच तर सगळी गंमत. लोक हसून हसून लोळत होते. मग बायकांची पाळी आली आणि टेस्टिंगच्या दोन दिवट्यांपैकी एक म्हणाला, उत्कर्षा मॅडमना सूटची गरज काय. माझ्या अंगावरून मी लहानपणापासून ऐकत आले आहे, मी हसण्यावारी नेलं असतं. तू नेलं नाहीस. तू त्याच्याकडे वळून शांतपणे विचारलंस, "आपल्या डोक्यात भरायला थोडा फोम मिळतो का बघू का?" त्या क्षणी मी तुझ्यासाठी काहीही केलं असतं.

सूटला घामाचा आणि डेटॉलचा वास येत होता. डोक्यावर ती रबरी काळी शेंडी, पोटावर रंगवलेला लंगोट. तू जेवणाच्या टेबलावरून मीठ आणलंस आणि उजव्या हाताने असं झोकात उधळलंस, की त्या जपानी पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना वाटलं, दृष्टबिष्ट काढतेय. फक्त मला कळलं. आपण दोघी समोरासमोर वाकलो. त्या जाड हातांनी मुठी टेकेनात, तरी आपण टेकवल्या, आणि तुझ्या डोळ्यांत बघून मी निघाले. एकदाच ढकललं. एकदाच. आणि तू झोपायला सांगितल्यासारखी पाठीवर पडलीस.

शौनकसारखा गडी धडका खाऊन पडत नाही तिथे तू एका धक्क्यात पडलीस, हे माझ्या डोक्यात का आलं नाही? कारण मला जिंकायचं होतं, बाई. आयुष्यात माझ्या अंगाचं पहिल्यांदा कौतुक होत होतं. मला चौघांनी उचललं, प्लास्टिकचा कप दिला, पाहुण्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले. तू गादीवर उताणी पडून हसत होतीस आणि बद्रीनाथ तुला उठवायला हात देत होता. घरी येऊन मी आईला फोन केला. म्हटलं, आई, मी अपूर्वाला चीत केलं, आता नागोयापण मलाच मिळतंय बघ. आई कसली ऐकते, तिने सकाळपर्यंत गल्लीभर सांगितलं. सोमवारी मेल आली. तुझी निवड झाली होती. मेल वाचताना तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू डोळे मोठे करून म्हणालीस, अगं मलापण आत्ताच कळतंय. तेव्हाचा तुझा आवाज, तो गोड आवाज.

मी विश्वास ठेवला. तोंडही पाडलं नाही. तुझ्या घरी बॅगा भरायला आले, आठव. उल्काकाकूंनी मेतकूट, गोडा मसाला, चिवडा असं सगळं मांडून ठेवलं होतं आणि मी मेणबत्तीवर पिशव्यांची तोंडं चिकटवत होते. काकू आत गेल्या आणि तू एकदम माझ्याजवळ येऊन बसलीस. म्हणालीस, "मला गुरुवारीच कळलं होतं गं. शनिवारचं तेवढं तरी तुझं व्हावं, म्हणून पडले मी." तुला वाटलं, मन मोकळं केलं. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी चिवड्याची पिशवी चिकटवली, मग दुसरी चिकटवली. एका पिशवीला भोक पडलं तर तू म्हणालीस, असू दे गं. मग तू मला मिठी मारलीस आणि मी मारू दिली.

आता ऐक, दोन वर्षांत जे बोलले नाही ते. नागोया तुला मिळालं, याचा मला राग नाही. वाईट वाटलं, रडले, संपलं. पण तुला गुरुवारी कळलं आणि तू मला सांगितलं नाहीस. शुक्रवारी माझ्याबरोबर डबा खाल्लास आणि सांगितलं नाहीस. त्याऐवजी मीठ उधळून, माझ्या डोळ्यांत बघून, मुठी टेकवून तू खोटं खेळलीस, आणि सगळ्या कंपनीसमोर मला नाचवलंस. तुझ्या मनात तेव्हा मी कोण होते? रडेल म्हणून ज्याला खाऊ द्यायचा ते पोर. त्या दिवट्याने माझ्या अंगाला नावं ठेवली, ती मी केव्हाच विसरले. तू माझी कीव केलीस, ते मला विसरता येत नाही. तो कप मी आईकडे पाठवून दिला. तिने तो देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलाय, आणि यवतमाळला गेले की मी त्या फळीकडे बघत नाही. तुला मेल लिहीत राहिले, नागोयाच्या जुलैतल्या सुमोचे तू पाठवलेले फोटो बघून 'मस्त' असं लिहीत राहिले. मैत्री तुटू नये म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसूनच ती आतून कुजली.

तरीही तुझा फोन आल्यावर, तुझ्या बाबांची तब्येत बरी नाही म्हटल्यावर मला राहवेना. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मोसंबी घेऊन सदाशिव पेठेत तुझ्या घरी गेले. दार उघडलं खुद्द यज्ञेश्वरकाकांनी. सारसबागेला फेऱ्या मारून नुकतेच आले होते, पायांत बूट तसेच. मी पिशवी पुढे केली, म्हटलं, काका, अपूर्वाकडून कळलं, आता कसं वाटतंय? त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाले, "मी आजारी आहे हे निदान मला तरी कळवायचं होतं." मग त्यांनीच सांगितलं की जुलैत ते आणि काकू तुझ्याकडे यायचे होते, तिकिटं बघत होते, आणि आता तू अचानक 'नको, मीच येतेय' म्हणायला लागलीस. काकूंनी पोहे केले. मी खाल्ले. मोसंबी तिथेच ठेवून आले.

म्हणजे तू पुन्हा पडते आहेस. या वेळी बापाला आजारी पाडून. तुझा अपराध तुला सलतोय हे मला कळतं, दगड नाही मी. पण तू तो फेडणार माझ्या गळ्यात आणखी एक प्लास्टिकचा कप घालून? मी नागोयाला जाईन, तिथल्या ऑफिसात तुझ्या टेबलावर बसेन, आणि रोज सकाळी मला आठवेल की ही जागा मी मिळवलेली नाही, ही मला टाकलेली आहे. आणि आई पुन्हा गल्लीभर सांगेल. एकदा तुझ्याकडून मी जिंकवली गेले ते मला माहीत नव्हतं. आता माहीत असताना कशी जिंकू?

म्हणून हे पत्र. शुक्रवारी मी मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं, अपूर्वाच्या घरी सगळे ठणठणीत आहेत, तिचं नाव यादीत परत घाला, नाहीतर माझंही काढा. ते म्हणाले, तुम्हा दोघींचं काही कळत नाही, पण त्यांनी नाव घातलं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात क्लायंट दोघींशी फोनवर बोलणार आहे, तुझ्याशी तिथून, माझ्याशी इथून. मला ती जागा हवी आहे अपूर्वा, दोन वर्षांपूर्वी हवी होती तितकीच हवी आहे, आणि उद्यापासून मी रोज सकाळी बसमधली झोप सोडून तयारी करणार आहे. तूही कर. तुझी सगळी ताकद लावून बोल त्यांच्याशी. तुला मिळालं, तर त्याच दिवशी, सगळ्यांत आधी, स्वतःच्या तोंडाने मला फोन कर. मी तोंड पाडेन आणि चहा तुझ्याकडे लागू राहील. पण पुन्हा मुद्दाम पडलीस, तर मी माझ्या बाबांची मुलगी आहे. मी उठून घरी जाईन, आणि मग परत येणार नाही.

दोन्ही मुठी टेकवून तुझ्यासमोर बसलेली,
तुझीच
उत्कर्षा