शेंदरी तुकडा

शनिवार, १ फेब्रुवारी

खोटं बोलले. तेही आमच्या गोधडी मंडळात, टेबलापाशी! जिथे खोटं बोलायचं नाही हा पहिला नियम आम्ही सगळ्याजणी मनापासून पाळतो, तिथे.

धाकट्या जाऊबाईंची पहिली गोधडी आज... जाऊ दे, इथे कशाला मानपान? धाकटीची पहिली गोधडी आज टेबलावर आली. शिंपीणकाकूंच्या दुकानावरची खोली, कापड बेतायचं ते लांब टेबल. पद्धत नेहमीचीच. जिची गोधडी, तिने तोंडाला कुलूप लावून उभं राहायचं. बाकीच्यांनी एकेक करून बोलायचं – रंग, मांडणी, टाके, अस्तराला झोळ आहे का. तोंडदेखलं काही नाही. सगळ्यांचं होईपर्यंत तिने हूं की चूं करायचं नाही. या टेबलापाशी रडली नाही अशी एकही जण मंडळात नसेल. मीसुद्धा रडलेय.

धाकटीने गोधडी पसरली. सगळे राखाडी आणि निळे तुकडे – भावजींचे जुने शर्ट, विरलेल्या चादरी. आणि मध्यापासून जरा डावीकडे एकच शेंदरी तुकडा, पंजाएवढा. संध्याकाळी सगळ्या घरात अंधार असावा आणि एकाच खोलीत दिवा लागलेला असावा, तसा. मोठ्या बाई मुख्याध्यापिका होत्या, अजून कुणाचं सहजी कौतुक करत नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

धाकटीला मंडळात मी आणलं, म्हणून पहिली पाळी माझी. मी म्हणाले, "शेंदरी खुपतोय. एवढी शांत गोधडी आणि मधेच हा आरडाओरडा. तो काढ, तिथेही राखाडी लाव."

मोठ्या बाई म्हणाल्या, "हं, तसंही म्हणता येईल." शिंपीणकाकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल बाई. तुमची नजर!" मी एकदा बोलले की बाकीच्या माझ्याच मागून येतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. ठाऊक असूनच बोलले.

आयुष्यभर सुई धरली, पण असा एक तुकडा ठेवायचं मला कधी सुचलं नाही. माझ्या गोधड्यांना सगळ्या काय म्हणतात? नीटनेटकी! आणि हिला सुईत दोरा ओवायलासुद्धा मी शिकवलं. पोटात दुखलं माझ्या. दुसरं काहीही कारण नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

जिन्यातून उतरले तर धाकटी उंबऱ्यात बसून शेंदरी तुकडा उसवत होती. आम्ही वर राहतो, ते खाली. तिला चुकवून जाता येत नाही.

म्हणाली, "बरं झालं ताई, तुम्ही वेळेवर सांगितलंत. लेकीच्या बाळाची गोधडी, आणि मी आपली भडक करून बसले होते!"

थांब म्हणायचं होतं. मी काय म्हणाले? "टाके ओढू नकोस, कापड फाटेल." वा! काय पण काळजी!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "तोंड उघडा" ऐकू येतं. माझं काही उघडत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मंडळात आणखी एक नियम आहे – उसवलेलं कापड सामाईक पिशवीत टाकायचं. ज्याला हवं त्याने घ्यावं. पिशवीतून घेतलं ते तुमचं, मग कुणी परत मागायचं नाही. आज शिंपीणकाकूंनी पिशवी टेबलावर उपडी केली. चिंध्यांच्या ढिगात सगळ्यात वर तो शेंदरी!

मी उचलला. धाकटीला परत द्यायचा, सगळं सांगून, म्हणून उचलला. पर्समध्ये ठेवताना मनाशी हेच म्हणत होते. धाकटी शेजारीच उभी होती. "घ्या ताई, तुमच्याकडे तरी कामी येईल," म्हणाली.

तिची गोधडी आता पुरी राखाडी. खिडकीतल्या उजेडात धरून तिने सगळ्यांना दाखवली. सगळ्या म्हणाल्या, शांत दिसतेय. शांत कसली, मेलेली दिसतेय. मी काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते. "आता कशी छान!" म्हणाले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

माझी तपकिरी-हिरवी गोधडी कधीपासून अर्धवट पडली होती. तिच्यावर तो तुकडा नुसता ठेवून बघितला. नुसता! मग हलू नये म्हणून टाचला. मग टाके घातले.

सगळी गोधडी जागी झाली. इतकी सुंदर गोधडी माझ्या हातून कधी झाली नव्हती. आणि ती माझी नाही.

हे पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "हा धाकटीच्या गोधडीतला ना?" या माणसाला आपला स्वतःचा टॉवेल कुठला ते आजवर कळलेलं नाही, आणि हे बरं कळलं!

"मंडळाच्या पिशवीतला आहे," मी म्हणाले. शब्द न् शब्द खरा. तरी माझे कान गरम झाले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पुतणी आली होती, बाळासाठी गोधडी न्यायला. मी मुद्दाम खाली गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले. अजून वेळ आहे, शेंदरी परत लावता येईल, एका दुपारचं तर काम.

तिने गोधडी उलगडली, गालाला लावली. मग म्हणाली, "आई, तू फोटो पाठवलास त्यात मधे काहीतरी केशरी होतं ना? मला तेच फार आवडलं होतं."

धाकटी म्हणाली, "अगं, ते खुपत होतं. काकूंनी सांगितलं म्हणून काढलं. काकूंचा हात या कामात केवढा बसलाय, माहितेय ना?"

पुतणी माझ्याकडे बघून हसली. "मग बरोबरच असेल." लहानपणी माझ्या कडेवर बसून जशी हसायची तशीच. माझ्यावर कसा भरवसा आहे या मायलेकींचा! मी चहाचे कप उचलले आणि मोरीत जाऊन उगाच विसळत बसले. बाहेर आले तेव्हा गाडी निघून गेली होती. गोधडी गेली. आता ते बाळ त्या राखाडीतच झोपणार. माझ्या पोटदुखीखाली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

माझी गोधडी टेबलावर. नेली कशाला? बहुतेक कुणीतरी मला पकडावं म्हणून. नाही – वाहवा हवी होती म्हणून. इथे तरी खरं लिहू.

वाहवा झाली. शिंपीणकाकू तर टेबलाभोवती फिरल्या. "हा शेंदरी! काय जागेवर बसलाय! जीव आणलाय बाई याने." मोठ्या बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पण हाच आपण त्या दिवशी काढायला लावला ना? तोच हा?"

मी बोलायचं नव्हतं, नियमच तसा. काय सोयीचा नियम!

मग धाकटी बोलली. जराही कुजकेपणा नाही, अगदी सरळ. "तिथे तो खुपत होता बाई. इथे शोभतोय. कुठे काय ठेवायचं ते ताईंना कळतं, मला अजून शिकायचंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. ती शिकतेय! माझ्याकडून ती हे शिकतेय की आपल्याला जे सुंदर वाटलं ते चूक होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सांगितलं!

सकाळी उठून आधी शेंदरी उसवला. तुकडा घेऊन खाली गेले. धाकटी भांडी घासत होती. म्हटलं, हात धू, बस, आणि मधे बोलू नकोस. मग एका दमात सगळं सांगितलं. शेंदरी खुपत नव्हता. मला तुझा हेवा वाटला. मग तो मीच लावला. काल तुझं बोलणं ऐकूनही गप्प राहिले. बोलता बोलता रडायलाच आलं. या वयात, जावेच्या ओट्यापाशी, नाक पुसायला तिचंच फडकं घेऊन!

ती ऐकत राहिली. मग हसली. "एवढंच ना, ताई? मला वाटलं कुणाला काही झालं की काय!" तुकडा घ्यायला तयार नाही. "पिशवीतलं परत घेत नाहीत. नियम म्हणजे नियम." मंडळात कुणाला कळायला नको, असंही आपणहून म्हणाली. मी पुतणीला फोन करते म्हटलं, तर "नको हो, तिला आवडलीय ती" म्हणाली. चहा केला. आल्याचा, मला आवडतो तसा. भावजी किल्ली शोधत आले, आमचे चेहरे बघून तसेच मागे फिरले. मग आम्ही दोघी खूप हसलो.

केवढं मन आहे बाईचं! आणि मी इतके दिवस घाबरत होते. आज दोन घास नीट जेवले.

शनिवार, १ मार्च

दोघी मिळून मंडळात गेलो. वाटेत तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, नेहमीसारखी. सगळं पूर्वीसारखं आहे. सुटले!

शनिवार, २९ मार्च

धाकटीची नवी गोधडी टेबलावर आली. पांढऱ्यावर पांढरं, आणि एका कोपऱ्यातून आत शिरणारी हिरवी रेघ. सुंदर! माझी पाळी पहिली होती. तसंच सांगितलं, अगदी मनापासून, एक अक्षर वाढवलं नाही की लपवलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली. मग बाकीच्यांचं व्हायच्या आधीच, आजवर एकदाही न मोडलेला नियम मोडून, शिंपीणकाकूंकडे वळली.

"काकू, खरंच?"