वीज आणि गडगडाट यांच्या मधे

३ मार्च १९७६

आले एकदाची! जालन्याहून निघालेली एस.टी. अंबडला रखडली, पण शेवटी शहागडच्या फाट्यावर मला, माझ्या पेटीला आणि पत्र्याच्या नळकांड्याला उतरवून धूळ उडवत निघून गेली. पुढं कुरणवाडीपर्यंत बैलगाडी. गाडी हाकणारे मच्छिंद्रभाऊच माझे घरमालक. नळकांडं कशाचं, असं त्यांनी वाटेत दोनदा विचारलं. पाऊस मोजायचं, असं सांगितल्यावर इतके हसले की बैल थबकले. "पाऊस हितं पडतो कुठं बाई, मोजायला!"

शाळा चौथीपर्यंतची. पोरं उद्यापासून माझ्या ताब्यात. खोली मच्छिंद्रभाऊंच्या घराला लागूनच आहे, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली, स्वच्छ. त्यांची बायको नंदाबाई माझ्याच वयाची. तिनं आल्या आल्या सांगून टाकलं की मी चूल पेटवायची नाही, भाकरी तिच्याकडेच. "तुमी आभाळाकडं बघत बसा, बाई."

आणि आभाळ तरी केवढं! घराच्या माळवदावर चढलं की दक्षिणेला गोदावरीचं पात्र दिसतं. सगळी वाळू, मधे पाण्याची धार, वाळूत टरबुजांचे वेल. नदी आणि घर यांच्या मधे ज्वारीची रानं आणि त्यांत एकटी उभी चिंच. औरंगाबादला मी दोन चाळींच्या फटीतून ढग पाहत मोठी झाले. इथं नजर अडवायला काही नाही. नळकांडं माळवदावर बसवलं, हवेचा दाब दाखवणारा वायुभारमापक खुंटीला टांगला. सत्यशीलाबाईंची वेधशाळा सुरू झाली.

११ मार्च

आज पहिलं वादळ. दुपारपासून अंग चिकचिकत होतं, मापकातला काटा हळूहळू खाली सरकत होता. शाळा सुटता सुटता नैऋत्येला ढग उभा राहिला. आधी फुलकोबीसारखा, मग वर सपाट होत गेला, लोहाराच्या ऐरणीसारखा. असा ढग आजवर मी फक्त पुस्तकात पाहिला होता.

नंदाबाईला माळवदावर बोलावलं आणि अंतर कसं काढायचं ते शिकवलं. वीज दिसली की मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. मोजणी मोठी तर वादळ लांब. मोजणी आखूड होत चालली की ते आपल्याकडं येतंय, मग मुकाट खाली उतरायचं. तिला हा खेळ फार आवडला. वादळ नदीपलीकडून बीडच्या बाजूला निघून गेलं. आम्ही दोघी अंधारेपर्यंत मोजत बसलो.

१९ मार्च

वाईट दिवस.

शेजारच्या चांगुणाबाई ज्वारीची कणसं खुडायला गेल्या होत्या. ढग इतक्या जल्दी चढला की माणसं रानातून पळत आली, त्यांना मात्र पळता आलं नाही. त्या चिंचेखाली थांबल्या. मी माळवदावरून ओरडले, झाडाखाली नको, बाई, झाडाखाली नको. तेवढं लांब ऐकू जाणार नव्हतंच. चिंचेवर वीज पडताना मी पाहिली.

त्यांचा मुलगा संपत आईला पाठीवर घालून घेऊन आला. गारा अजून पडत होत्या. संध्याकाळी दहन झालं. संपतची बायको शिवकन्या आमच्या ओट्यावर बसून होती, तिला नंदाबाईनं दोन घास भरवले.

नळकांड्यातलं पाणी मी मोजलं नाही, ओतून दिलं.

२४ मार्च

पुन्हा वादळ, पुन्हा तीच दिशा. आणि संपत गेला, त्याच चिंचेखाली.

शिवकन्या सांगते, तो खाटेवर पडला होता. वीज चमकली तसा ताडकन उठला. माय बोलवून राह्यली म्हणाला. ती नको नको म्हणेपर्यंत बाहेर. तिनं पाहिलं तेव्हा तो गारांतून चिंचेकडं चालला होता, पळत नव्हता, चालत होता. हात पुढं करून, जसं कुणाच्या डोक्यावरचं ओझं घ्यायला जावं तसं.

दुःखानं माणसाला भास होतात. मी नंदाबाईलाही तेच सांगितलं.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. मी खोलीत होते, मोजत होते. वीज चमकली आणि सगळं थांबलं. वारा, पत्र्यावरच्या गारा, सगळं. त्या शांततेत लांबून एक बाई हाक मारत होती. संपत्याऽऽ, ये रे. मग गडगडाट झाला, आणि त्याच्याबरोबर गारांचा आवाज परत सुरू झाला.

२६ मार्च

आज आभाळ निरभ्र. मनातली जळमटं काढायची म्हणून एक प्रयोग केला. वाळूवरून आवाज लांबवर जात असेल, असं मला वाटत होतं. मच्छिंद्रभाऊंना चिंचेखाली उभं करून ओरडायला सांगितलं आणि मी माळवदावर थांबले. वारा बिलकुल नव्हता. ते तोंडाला हात लावून ओरडताना मला दिसत होते, अंगरखा ताणला जात होता. ऐकू काहीच आलं नाही.

परत आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता. हसत म्हणाले, बायकोला आयुष्यात एवढ्या हाका मारल्या न्हाईत. मीही हसले. पण तेवढ्या अंतरावरून मला चांगुणाबाईंचा आवाज कसा ऐकू आला, हे कुठल्या पुस्तकात शोधू?

गावात आता सगळेच बोलतात. ढग आला की दारं लावून घ्यायची, हाकेला ओ द्यायची नाही.

२ एप्रिल

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी ढग आला. शिवकन्या आमच्याकडंच होती. पहिली मोठी वीज चमकली, सगळं थांबलं, आणि संपत बोलला. अगदी त्याचाच आवाज. शिवकन्ये, पाणी आण. आम्ही तिघींनीही ऐकलं. ती उठली. मी दाराची कडी घातली, नंदाबाईनं तिला मिठीत धरलं. दर विजेनंतर तो पाणी मागत होता. दर वेळी गडगडाट झाला की गप्प. शिवकन्येनं नंदाबाईचा दंड चावून रक्त काढलं, पण आम्ही तिला सोडलं नाही.

वादळ ओसरलं. आम्ही रडत हसलो. वाचवली, वाचवली म्हणत होतो.

मच्छिंद्रभाऊ टरबुजांच्या वाडीवर गेले होते, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ते त्याच वाटेनं परत येत होते. संपत त्यांचा लहानपणापासूनचा सवंगडी. त्यानं पाणी मागितलं असेल, तर ते थांबल्याशिवाय कसे राहतील?

चिंचेपाशी सापडले. पाण्याचा तांब्या हातात होता.

३ एप्रिल

शाळा बंद. शिवकन्येला माहेरची माणसं घेऊन गेली. नंदाबाईजवळ बसून त्रिसरण म्हटलं, तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

मापकातला काटा खालीच आहे. वर येत नाही.

५ एप्रिल

आला. आज काट्यावरून ढग आधीच ओळखला म्हणून कडीला कुलूपही लावलं.

नंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. वीज. शांतता. आणि मच्छिंद्रभाऊ — चिंचेपासून नाही, अंगणातून. नंदे, दार उघड. भिजलो.

ती माझ्या पाया पडली. किल्ली मागितली. "बाई, त्येच हायेत. आवाज वळखत न्हाई का मी?" मी किल्ली मुठीत धरून बसले. तिच्याकडं बघितलं नाही.

ढग गेल्यावर ती फार शांतपणे बोलली. म्हणाली, ते निसते भिजले व्हते, बाई. तुमी का अडवलं?

अंगणातल्या चिखलात पाऊल नव्हतं. एकही नाही. तिला दाखवलं, तरी ती बघेना.

तिच्या भावाला, रामकिसनला, अंबडला निरोप धाडला आहे. इथून तिला न्यायलाच हवं. मीही जाणार. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

७ एप्रिल, सकाळ

रामकिसन गाडी घेऊन आला. नंदाबाई गेली. शहागडला एस.टी. धरतील. गाडीत बसताना तिनं माझा हात धरला आणि सोडेना. तुमीबी चला म्हणाली. उद्या येते म्हटलं, शाळेच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. आभाळ साफ आहे. दुपारच्या आत पोचतील.

७ एप्रिल, दुपार

ढग पूर्वेला आहे. आजवर कधी तिकडून आला नव्हता. शहागडच्या रस्त्यावर. बराबर रस्त्यावर.

गाडी कुठपर्यंत गेली असेल? पोचली असेल. बैल चांगले आहेत. पोचलीच असेल.

काळोख झालाय. दार लावलं. लिहीत राहिलं की बरं वाटतं.

वीज. मोजलं. लांब आहे. हाक नाही.

वीज. जवळ. हाक — माहीत नाही. बाई म्हणालं कुणीतरी. मला गावात सगळेच बाई म्हणतात.

गारा. पत्रा फुटेल असं —

वीज. बाई, दार उघडा. नंदाबाई. नंदाबाईचा आवाज. गडगडाट.

नाही. ती अंबडला पोचली.

पण नसेल पोचली तर? बैल उधळले असतील, गारांतून पायी परत आली असेल, तर? बाहेर जिवंत बाई उभी असेल आणि मी आत —

गेलेल्यांना फक्त मधल्या वेळात बोलता येतं. वीज आणि गडगडाट यांच्या मधे. तेवढं मला पक्कं माहीत आहे. आभाळ गप्प झाल्यावर ती बोलली तर ती जिवंत. तसं मी तिला दारातूनच ओरडून सांगितलं. नंदाबाई, थांबा, वादळ सरू द्या, मग बोला.

वीज. फार मोठी. खोली पांढरी झाली. मोजायला —

थांबलं. सगळं थांबलं. गारा नाहीत. वारा नाही. किती वेळ शांत आहे! सरलं वादळ.

ती बोलली. आत्ता. अगदी दाराशी, साध्या आवाजात. बैल उधळले बाई, रामकिसन गाडीखाली हाये, चला. रडत होती. जिवंत आहे! जिवंत आहे ती, आणि मी तिला गारांत उभं —

कुलूप काढलं. कडी काढली. दार अजून ओढलं नाही, दिवा शोधते आहे, रामकिसनकडं जायचं तर उजेड हवा. काडेपेटी इथंच वहीपाशी —

थेंबांचाही आवाज नाही. पत्र्याच्या फटीतून आत पाणी गळतंय, डोळ्यांनी दिसतंय. आवाज नाही.

मघाशी वीज चमकली. मी मोजायला लागले होते, तिच्या हाकेनं राहिलं. त्या विजेचा गडगडाट — मी तो ऐकलाच नाही, तो अजून —

दार