पट्ट्याची आतली बाजू

प्रिय खारूताई,

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू नुसतं 'बरा आहे' लिहिलंस, आणि आपल्या घरात 'बरा आहे' म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून आधी त्याचीच चौकशी. जावईबापूंचा खोकला गेला का? विहीणबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना झाला असेल. त्यांना आता सुईत दोरा ओवता येतो का ते बघ, नजर आल्याची याहून खरी परीक्षा नाही. पिटुकलीचे पुढचे दात आले का? फोटोत तोंड मिटून हसतेय, म्हणजे खिंडार अजून बुजलेलं नसावं. तुझी आई ठीक आहे. म्हणजे उठते, करते, जेवते. दाराशी दादाचे बूट आहेत, त्यांच्यावरची धूळ पुसते आणि ते होते तसेच परत ठेवते. माझं म्हणशील तर हात चालतात, डोळे निम्मे चालतात आणि कंबर बोलते. जुनं यंत्र, कुरकुरणारच.

तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. रोज खिशात घालून दुकानात नेतो, रोज घरी परत आणतो. पाच आठवड्यांनी तू बेचाळीस किलोमीटर धावणार आहेस. दोन वर्षांपूर्वी तुझा दादा जिची तयारी करत होता, तीच शर्यत. हे वाचून दाखवलं तेव्हा तुझ्या आईने भांडी जरा जोरात ठेवली. तुझं मागणं एवढंच की, बाबा, दादाला शिवला होता तसाच पाण्याचा पट्टा मला शिवून पाठवा, मी तो विसरून जाणार नाही. हे शेवटचं वाक्य तू गमतीने लिहिलंस की रागाने, मला कळलं नाही. अठरा दिवस मी तिथेच अडून बसलोय.

आधी पट्ट्याचंच सांगतो. माणसाने आपल्याला जमतं तिथून सुरुवात करावी. तुम्ही लोक ज्याला हायड्रेशन बेल्ट म्हणता तो बेंबीच्या रेषेत बांधायचा नसतो. तिथे तो पोट आवळतो आणि धावता धावता वर चढतो. तो खाली, खुब्याच्या हाडांवर बसला पाहिजे, लहान पोर कडेवर बसतं तसा. चार बोटं तरी रुंद घे. पाठीमागे एकच मोठी बाटली असलेला घेऊ नकोस, ती पावलागणिक पाठीत धपाटे घालते. दोन लहान बाटल्या, दोन्ही बाजूंना, म्हणजे ओझं वाटून जातं. बकल पोटावर मधोमध नको, जरा बाजूला असू दे. आणि विकत घेण्याआधी आतल्या बाजूने सगळीकडे बोट फिरव. पट्टा बाहेरून कसा आहे ते जगाला दिसतं, आतून कसा आहे ते फक्त घालणाऱ्याला कळतं. बाटल्या भरून तास-दीड तास धाव, मग घरी येऊन आरशात कातडी बघ. लाल रेघ दिसली तर तो पट्टा तुझा नाही, मग तो कोणी का दिलेला असेना.

हे शहाणपण माझं नाही हं. उसनं आहे, आणि फार उशिरा आणलेलं आहे. मागच्या मंगळवारी भर दुपारी दुकानाला कुलूप लावून मी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. केवढं दुकान ते, बुटांनाच एक अख्खा मजला! तिथली विक्रेती तुझ्याच वयाची, स्वतः धावणारी, तोंडाने जरा फटकळ. मी मापाची टेप काढली तर म्हणाली, आजोबा, ती ठेवा खिशात, पाय उचला. तिने बाटल्या भरल्या, पट्टा माझ्याच कमरेला बांधला आणि मला बुटांच्या रांगांमधून पळायला लावलं. पहिल्या पट्ट्याने असे रट्टे घातले की शाळा सोडल्यावर पहिल्यांदा मास्तर आठवले. दुसरा तिसऱ्या फेरीला बरगड्यांपर्यंत चढला. एक बाई रुमाल तोंडाला लावून हसत होत्या, मीही हसत होतो. मी म्हटलं, अगं, रिकामा असताना किती छान बसला होता हा! तर ती म्हणाली, "रिकामा पट्टा उभ्या माणसाला छानच बसतो, आजोबा. त्यात काय विशेष?"

खारूताई, माझं हसू तिथेच गळून पडलं. बूट घालून बघायला एक बुटकं स्टूल असतं, त्यावर बसलो तो उठताच येईना. पोर घाबरली, पाणी घेऊन धावली. तिला वाटलं म्हाताऱ्याला दम लागला.

तुला तो दिवस आठवत असेल. तू माहेरी आली होतीस, आणि मी दादाला दुकानातल्या कापायच्या टेबलाशी उभं करून माप घेत होतो. तू म्हणालीस, दादा, पोट आत घेऊ नकोस, नंतर श्वास सोडशील आणि बकल उडून माझ्या डोळ्यात जाईल. शिवायला मला कुणी शिकवलं नाही हे तुला माहीत आहे. लोकांच्या टाकून दिलेल्या बॅगा उसवत बसायचो, उसवता उसवता शिवणं आलं. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं बॅगा शिवल्या, आणि बॅग तपासायची कशी, तर टेबलावर ठेवून, बंद ओढून, शिवण ताणून. दादाचा पट्टाही मी तसाच तपासला. बाटल्या रिकाम्या, माणूस उभा. नायलॉनची पट्टी कापली की धागे सुटू नयेत म्हणून टोक मेणबत्तीवर धरून वितळवायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. गार झालं की ते टोक काचेसारखं टणक होतं, करवतीसारखं. बॅगेत ते आत दुमडून जातं, कुणाचं काही बिघडत नाही. बॅगेला कातडी नसते. दादाच्या पट्ट्यात ते टोक बरोबर डाव्या खुब्यावर आलं होतं. त्याने तुझ्यासमोर चार उड्या मारल्या, म्हणाला, पहिल्या नंबरचा झालाय बाबा, कंपन्या झक मारतील. तू टाळ्या वाजवल्यास. मी तेवढ्याच तोऱ्यात आतल्या बाजूला दुकानाच्या नावाचं, पत्त्याचं लेबलही शिवलं.

नंतर एकदा अंघोळीहून येताना त्याच्या खुब्यावर चिकटपट्टी दिसली. मी विचारलं, तर म्हणाला, टेबलाचा कोपरा लागला. मी बरं म्हटलं. आपल्या घरात टोचलं तर सांगायची पद्धतच नाही गं. तू लहानपणी अख्खं वर्ष तोकड्या बुटांत शाळेत गेलीस, का, तर बाबांनी हौसेने आणले. तुझी आई तीस वर्षं माझ्या हातचा गोडमिट्ट चहा पितेय, आणि तिला गोड आवडत नाही हे परवा ती विहीणबाईंशी फोनवर बोलत होती तेव्हा मला कळलं. समोरच्याचं मन राखायचं म्हणून आपण रक्त निघेपर्यंत हसतो, आणि त्याला प्रेम म्हणतो.

त्या रविवारी काय झालं ते आपण सगळे एकाच शब्दांत सांगतो. दादा तलावाच्या रस्त्याने सोळा जाऊन सोळा परत असं बत्तीस किलोमीटर धावायला गेला, सकाळचं ढगाळ होतं, मग ऊन फाकलं, तेविसाव्या किलोमीटरला तो पडला, ट्रकवाल्याने उचलून आणला तोवर सगळं संपलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता, याच्याजवळ पाणी नव्हतं का? तुझी आई म्हणाली, पट्टा दुकानात विसरला असेल, तिथूनच तर निघायचा. मी दुकानात बघायला गेलो. नव्हता. मी बघतच होतो, तेवढ्यात तलावाच्या पंपघराचा राखणदार तो पट्टा हातात घेऊन पायरी चढला. लेबलावरचा पत्ता वाचून आला होता.

त्याने सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जाताना सहाव्या किलोमीटरला पंपघराचं फाटक लागतं. दादा तिथे थांबला, एक बाटली प्यायला, आणि पट्टा काढून, बकल लावून, फाटकाला नीट अडकवून ठेवला. म्हणाला, काका, राहू द्या इथे, येताना घेतो, फार घासतोय. राखणदार म्हणाला, अरे मग फेकून दे, नवा घे. तर दादा म्हणाला, "फेकायचा नाही हो. बाबांनी शिवलाय. त्यांना कळायला नको." राखणदाराला बिचाऱ्याला बोलून झाल्यावर कळलं की मीच तो बाबा. दुसरी बाटली भरलेली होती. परतीसाठी ठेवलेली. फाटक तीन किलोमीटरवर राहिलं.

मी घरी आलो आणि सांगितलं, हो, दुकानातच होता, विसरला. एवढं एकच वाक्य बोललो. तुझी आई म्हणाली, बापाने जीव ओतून शिवलं आणि माझं वेंधळं पोर विसरून गेलं. तू दाराला टेकून 'मूर्ख' म्हणालीस, आणि रडली नाहीस. दोन वर्षं तुम्ही दोघी त्याला वेंधळा म्हणताय आणि मी मान हलवतोय. ती बाटली दुकानाच्या खणात आहे. झाकण घट्ट आहे, तरी पाणी बोटभर कमी झालंय. कुठे जातं कोण जाणे.

या पत्राबरोबर पार्सल येईल. त्यात दोन पट्टे आहेत. एक त्या फटकळ पोरीने निवडलेला, तो घालून बघ, टोचला तर तूच दुसरा घे. दुसरा कागदात गुंडाळलेला, तो दादाचा. त्याच्या आत डाव्या बाजूला बोट फिरव, लागेल तुला. अस्तरावर डागही आहे. मला तो उसवायचा होता, पण कात्री हातात धरवेना. तुझ्यासाठी मी पट्टा शिवणार नाही, कारण मी शिवला तर तूही घालशील, आणि पहिल्या नंबरचा झालाय म्हणून लिहिशील. हेच सांगायला हे पत्र. दादा विसरला नव्हता. तुझा त्याच्यावरचा राग काढून घे आणि जिथे ठेवायला हवा तिथे ठेव. तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितल्यावर ती दाराशी बूट पुसत बसेल आणि मी समोर कुठे बसायचं, हे मला सुचत नाही. लवकर उत्तर लिही, बाळा. पण 'छान बसला' असं लिहू नकोस. कुठे टोचतंय ते लिही. आधी पट्ट्याचं, मग माझं.

तुझाच,
बाबा