पालकांनी बाहेर थांबावं

हुडकेश्वर, नागपूर
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ती. शोभाआत्या,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. खोलीवर पाणी वेळेवर येतं, डबाही ठीक आहे, भाजीत तेल फार असतं एवढंच. तुझा गुडघा कसा आहे? बाबा सांगत होते, तू शाळेत अजून पायीच जातेस. पुरे झाला हट्ट.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. म्हणून लिहायला बसले.

विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आता संपत आला. शेवटच्या सत्रात आम्हाला नंदनवनच्या एका शाळेत पहिलीला शिकवायला पाठवलंय. मागच्या बाकावर आमच्या मॅडम गुण द्यायला बसतात. गेल्या आठवड्यात वेदिका नावाची पोरगी आईसाठी रडायला लागली. मी आधी पुस्तकातलं केलं. जवळ बसून 'तुला कसं वाटतंय?' असं विचारलं. ती आणखी मोठ्यानं रडली. मग तू वर्गात करतेस ते केलं, फळा पुसायला डस्टर दिलं. तिनं ते माझ्याच साडीवर फेकलं. मॅडम आपल्या लिहीतच होत्या. शेवटी मीच रडकुंडीला आले, तेव्हा कुठे ती माझ्याकडे बघत गप्प झाली. हसलीस ना? हस.

मी लांबण लावते आहे, कळतंय मला.

परीक्षेच्या दिवशी गेटवर काय झालं ते आठवतं? चौकीदारानं मला आत सोडलं आणि तुला म्हणाला, "पालकायनं बाहेर थांबा, बाई." तू पर्समधून हॉल तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलंस. "पालक नाही गा, मीबी परीक्षाच देऊन राहिली!" रांगेतली सगळी पोरं हसली, तूही हसलीस. तिकीट मात्र तू परत पर्समध्ये ठेवलं नाहीस. इतकी वर्षं पहिली-दुसरी शिकवणाऱ्या बाईला, नोकरी टिकवायची तर शिक्षक पात्रता परीक्षा द्या म्हणतात, आणि अजून स्वतःच शिकत असलेली मी तिच्याच रांगेत. मला तेव्हा या सगळ्याची मजा वाटत होती. आता त्याची लाज वाटते.

परत येताना ऑटोत आपण उत्तरं ताडून पाहिली. रडणाऱ्या मुलाचा प्रश्न त्या पेपरातही होता. तू 'त्याला एखादे छोटे काम द्यावे' यावर खूण केली होतीस. मी म्हटलं, "आत्या, पुस्तकात तर आधी त्याच्या भावना समजून घ्याव्या असं आहे." तू म्हणालीस, "मी तं वर्गात हेच करून राहिली ना वं, मंग चूक काहून?" पुढच्या प्रश्नालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. पेपरला काय हवंय याचा विचारच तू केला नव्हतास. आपण वर्गात काय करतो ते खरंखरं सांगून आली होतीस. मी चार वर्षं पेपरला काय हवं तेच शिकले. मला त्या ऑटोतच सगळं समजलं होतं. मी विषय बदलला आणि तुला चहाला घेऊन गेले.

दोघींचे अर्ज मी भरले, मोबाइल नंबरही माझाच दिला. त्यामुळे निकाल आधी मलाच कळला. परवा तू विचारलंस, "लागला का वं?" आणि मी म्हणाले, साइट उघडत नाहीये. खोटं बोलले, आत्या.

मी पास झाले. तू नाही झालीस. थोडक्यात गेलं, असंही मला म्हणता येत नाही.

घरी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. दोघींचे पेढे एकदमच वाटू म्हणून बाबा वाट बघत बसलेत. पास व्हायची मुदत अजून आहे, परीक्षा पुन्हा होईल, हे मला माहीत आहे. पण मुदतीत जमलं नाही तर तुझी नोकरी जाईल, आणि तुझ्या खुर्चीत माझ्यासारखीच कुणी येऊन बसेल. कदाचित मीच. हे डोक्यातून जातच नाही. भांडायचं तर कुणाशी भांडू? नियम चुकीचा म्हणावा, तर त्याच नियमानं मी पास झाले आहे.

शनिवार-रविवारी पुस्तकं घेऊन तुझ्याकडे यावं असं मनात आहे. पण तुझ्यासमोर बसून सांगू काय? आत्या, तू वर्गात जे करतेस ते पेपरात लिहू नकोस, असं? माझा हात धरून जिनं मला पहिलं अक्षर गिरवायला लावलं, तिला मी मुलांना कसं शिकवायचं ते शिकवू? तू ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी सांगणार नाही.

हे वाचून झाल्यावर तू फोन करशील. रागाव, रड, काहीही बोल. फक्त "शाब्बास वं" म्हणू नकोस. तू तेच म्हणणार आहेस हे मला माहीत आहे, आणि नेमकं तेच मला सोसणार नाही.

तुझ्याच पहिलीच्या वर्गातली,
गुंजन