उगवतीकडचे दोन चौकोन

सोनई,
१८ मार्च २०२५

चि. सौ. साळू हिला थोरल्या जावेचे आशीर्वाद. घ्यायचे नसतील तर ठेव बाजूला, पण पत्र पुरतं वाच.

मधे एक बैलगाडी जाईल एवढीच गल्ली, आणि मी तुला पत्र लिहितेय. लोक हसतील तर हसू देत. दोन उन्हाळे आपण बोललो नाही, आता एकदम समोर येऊन काय बोलायचं? सातवीपर्यंत शाळा केली, ती कधीतरी कामाला यायचीच होती.

इकडे सगळं ठीक आहे. आमचे हे आणि तुमचे ते रोज सकाळी पारावर एकाच पेपरात डोकं घालून बसतात. भावाभावांचं काही बिघडलं नाही, आपलंच बिघडलं.

परवा आमच्या स्लॅबवर दोन माणसं टेप घेऊन फिरत होती, ते तू बघितलंच असशील. सोलर बसवायचंय. ओमच्या डोक्यात संक्रांतीपासून तेच आहे. घराच्या छतावर वीज तयार करायची, वापरून उरली तर लाईट ऑफिसला द्यायची, आणि सरकार त्याला अनुदान देतं. पैसे आधी आपण भरायचे, मीटर बसलं की अनुदान खात्यावर येतं. सहा पॅनल लावले तर अठ्ठ्याहत्तर हजार, चार लावले तर साठ. ओम म्हणतो, "सरकार देतंय तर सोडायचं कशाला, आई?"

लेकराचं चुकत नाही. पण फिटिंगवाल्यानं खडूनं चौकोन आखले आणि मी वर बघायला गेले. सहा चौकोनांत सगळा स्लॅब गेला गं. उरली ती पाण्याच्या टाकीची सावली. आपल्या कुरडया जिथं पडायच्या, ती उगवतीकडची बाजू, तिथंच दोन चौकोन.

मी म्हटलं, चारच बसव. ओम म्हणाला, का? म्हटलं, आपल्याला वीज लागते कितीशी? तो म्हणाला, मोटर हाय, फ्रीज हाय, उद्या एसी घेऊ. मी म्हटलं, एसीनं माझं अंग दुखतं. जन्मात एसीत बसले नाही मी, पण तोंडाला आलं ते बोलले. मग तो हसून म्हणाला, "कुरडयांसाठी अडून बसलीस व्हय? गेल्या वर्षी तर तू केल्याच न्हाईत."



सगळ्यांना सांगितलं होतं, घरात कोणी खात नाही, बाजारात आयत्या मिळतात. ते खोटं होतं. गहू भिजत घातले होते मी. रोज पाणी बदललं, वाटले, चीक काढला. आधणाला उकळी आली तेव्हा लक्षात आलं, एकीनं चीक ओतायचा असतो आणि एकीनं घाटायचं. सूनबाई रेश्मा शाळेवर शिकवायला गेलेली. मी एका हातानं ओतायला गेले आणि दुसऱ्या हातानं घाटायला, सगळ्या गुठळ्या झाल्या. पातेलं उतरवलं, म्हशीपुढं ओतलं, आणि गोठ्यातच बसून रडले. हे तिलाही माहीत नाही.

तू अंगणात बाजेवर वाळवण घालतेस, ते मला वरून दिसतं. कोंबड्या हाकायला काठी घेऊन बसतेस. उसाचा ट्रॅक्टर गेला की धूळ उडते आणि तू धावत जाऊन वाळवणावर लुगडं टाकतेस. कितीदा तोंडापर्यंत आलं, साळे, वर ये. पण राग आडवा येतो.

अजून आहे राग, खोटं कशाला बोलू. भीमाबाईनं तुला येऊन सांगितलं, छबू म्हणते, साळूनं आमच्या स्लॅबची धर्मशाळा केलीय. म्हणाले होते मी तसं. पुढं असंही म्हणाले होते की ती येते म्हणून तर उन्हाळा बरा जातो. भीमाबाईनं अर्धं बोलणं नेलं आणि तू ते अर्धं धरून बसलीस. इतकी वर्षं एका पातेल्यात हात घातले आपण, तू मला विचारायला यायचं होतंस. "आक्का, तुमी असं म्हनला व्हय?" एवढं विचारलं असतंस तरी बस होतं. मी तुला चार शब्द सुनावले असते आणि चहा ठेवला असता. तू आली नाहीस, आणि मी थोरली म्हणून मी आले नाही.

उद्या सकाळी फिटिंगवाले येतील. उगवतीकडचे दोन चौकोन मी आज ओल्या फडक्यानं पुसून टाकले. ओम फुगून बसलाय. जेवायची वेळ झाली की येईल. तुझ्या पत्र्यावरही पॅनल बसतात म्हणे, मी त्या माणसाला विचारून ठेवलंय. अनुदान तुम्हालाही मिळेल. भाऊजींना सांग, आधी लाईटबिल कुणाच्या नावावर आहे ते बघा.

गहू भिजत घालशील तेव्हा माझेही त्यातच घाल. खपली आणून ठेवलीय, पिशवी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवते. जिना बाहेरून आहे, दार वाजवावं लागत नाही.

आणि तू नाही आलीस, तरीही पॅनल चारच बसतील. ती बाजू उन्हाळाभर मोकळी तापत पडेल. मी रोज एकदा वर जाऊन बघून येईन.

खाली सही करायला छबूबाई लिहीत होते, ते खोडलं. छबूबाई तर सगळी गल्ली म्हणते. दुसऱ्या नावानं हाक मारणारी तू एकटीच होतीस, आणि दोन वर्षांत ती हाक माझ्या कानावर आली नाही.

तुझी,
आक्का