नव्या इग्निशनची तक्रार

८ मार्च, रविवार, दुपार

प्रिय बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून दाखवायला नकोत. तुझं ठीक चाललं असेल असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि बाकीचा दिवस ती स्वतः.

पत्र बघून चक्रावला असशील. फोन लावला की तुझी वहिनी "स्पीकरवर टाका" म्हणत शेजारी येऊन बसते, म्हणून हा खटाटोप.

माझ्या लेकीने तुला पुढच्या रविवारी बोलावलंय हे कळलं. "काका बघेल तुमच्या इग्निशनकडे," असं मलाच ऐकवते. ज्याला मी प्लग काढायला शिकवलं, तो आता माझ्या गाडीची नाडी बघणार! असो. येण्याआधी सगळी हकिगत तुला माहीत असलेली बरी.

गेले काही महिने मोटरसायकल तापली की मधेच मरायची. थंड असली की पहिल्या किकला चालू, पण बाजार ओलांडला की इंजिन गपकन बंद. प्लग काढून बघावं तर ठिणगी नाही. जरा गार झाली की मुकाट चालू. जुने पॉइंट काढून आपण दोघांनी ती इलेक्ट्रॉनिक इग्निशनची काळी डबी बसवली होती ना, तिचाच हा उद्योग. टेबलावर जोडून लेकीच्या हेअर ड्रायरने तिला तापवली, तर ठिणगी गेलीच. ड्रायरला ग्रीस लागलं म्हणून बोलणी खाल्ली, पण दोष सापडला.

नवा संच मागवला. तो बसवताना मजा आली, खोटं कशाला सांगू? जुनी प्लेट सोडवली, नवं चुंबकाचं चाक कॅमच्या टोकाला बसवलं, पिस्टन वर आणून खुणा जुळवल्या. टायमिंग लाइट धरला तर खूण जागची हलायला तयार नाही. आवाज असा लागला की समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. त्यानंतर दोन आठवडे मी उगाचच भाजी आणायला जात होतो.

छोटीला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे असतं. लेक आणि जावई संध्याकाळी उशिरा येतात, तुला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात तिला घेऊन येताना पुलावर गाडी बंद पडली. म्हणजे मला तसं वाटलं. आवाज गेला, रस्ता गेला. पुन्हा दिसायला लागलं तेव्हा गाडी कठड्याला घासून उभी होती, माझे पाय जमिनीवर होते आणि क्लच मुठीत दाबलेला होता. हे सगळं मी कधी केलं, माहीत नाही. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. सवयीने मी म्हणालो, "गेली बघ पुन्हा ठिणगी."

मागून छोटी म्हणाली, "आजोबा, गाडी चालूच आहे की! किती हाका मारल्या मी तुला."

बारक्या, माझ्या मांड्यांखाली इंजिन धडधडत होतं.

मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. घरी सांगू नकोस असं म्हणालो नाही, पण आइस्क्रीम दिलं ते त्याचसाठी. तिला वाटलं, आजोबांनी गंमत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजूचं झाकण काढलं, पिकअपची, म्हणजे ठिणगीला इशारा देणारी, वायर उपटली आणि झाकण परत लावलं. मग सगळ्यांसमोर घाम फुटेपर्यंत किका मारल्या आणि नव्या संचाला शिव्या घातल्या. गाडी मीच बंद पाडली आहे.

आता आधीच्या वेळा आठवत बसतो. एकदा बाजारापुढे उतरून पाहिलं तर चांगली निळी ठिणगी होती. तोवर गार झाली असेल, अशी मी समजूत घातली. डबी खरोखरच बिघडली होती, म्हणून त्यापुढे काही शोधलंच नाही. याच चुकीवरून कारखान्यात पोरांना मी किती झापलं असेल!

आपल्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा कडेवर होतास. जेवता जेवता अण्णांचा हात थांबायचा, घास तसाच, डोळे उघडे. आई म्हणायची, दमलेत. जिन्यावरून पाय घसरून ते गेले, असंच आम्ही तुला सांगत आलो.

मला भीती वाटते रे. मोरीची कडी लावायची भीती वाटते. चहाचं आधण ठेवायची भीती वाटते. सध्या छोटीला चालत आणतो, तेव्हा तिचा हात इतका घट्ट धरतो की ती ओरडते. आणि डॉक्टरकडे जायची तर सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तो या प्रकाराचं नाव सांगेल.

पत्र लिहायला घेतलं तेव्हा तुला एवढंच सांगायचं होतं: झाकण उघडलंस की सुटलेली वायर दिसेल, ती तशीच राहू दे. मान हलव, संच गेला म्हण, दुसरा मागवायला लाव. तेवढाच महिनाभर मिळाला असता.

पण आत्ता लेक खोलीत येऊन गेली. म्हणाली, "बाबा, पुढच्या आठवड्यापासून मला ऑफिसची गाडी न्यायला येणार. माझी स्कूटर तुम्ही वापरा. छोटीचे पाय दुखतात हो एवढं चालून." चावी टेबलावर ठेवून गेली. मी "बरं" म्हणालो. किती गाड्यांच्या वायरी उपटत बसणार मी?

तेव्हा वर लिहिलेलं विसर. रविवारी आलास की ती वायर जोड. सगळ्यांना अंगणात बोलव, फक्त छोटीला शेजारी खेळायला पाठव. किक मार. गाडी पहिल्या झटक्यात चालू होईल. तुझी वहिनी हसून म्हणेल, मग एवढे दिवस काय झालं होतं हिला? तेव्हा मी बोलेन. माझ्याच्याने नाही झालं तर तू बोल, आणि मी रागावलो, तुला घरातून चालता हो म्हणालो, तरी थांबू नकोस.

तुझा, हे लिहिताना तरी शुद्धीवर असलेला,
दादा